तुम्ही बंद केलेलं चॅनेल

बाबा,

आई आता माझ्याकडे असते, ठाण्याला नौपाड्यात. तिचा उजवा गुडघा बदलून घेतला, त्यामुळे डोंबिवलीच्या घराचे जिने तिला जमत नाहीत. दुपारचं जेवण झालं की ती हॉलमधल्या सोफ्यावर पाय लांब करून बसते आणि टीव्ही लावते. या टीव्हीला तुमची केबलची वायर नाही. गच्चीवरून लोंबत आलेली, खिडकीच्या गजातून आत घेतलेली ती काळी वायर या घरात कुठेच नाही. भिंतीवर एक पांढरा डबा आहे, त्यातून इंटरनेट येतं, आणि त्यातून आईला जे हवं ते तिला हवं तेव्हा येतं. मध्येच फोन वाजला तर ती रिमोटचं बटण दाबते आणि चित्र जागच्या जागी थांबतं. पडद्यावरचा माणूस तोंड उघडं टाकून तिची वाट बघत बसतो. ती सावकाश फोनवर बोलते, पाणी पिते, चष्मा पुसते, आणि मग त्याला पुढचं वाक्य बोलू देते. पहिल्यांदा तिने हे केलं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते आणि मला तुमची आठवण आली. प्रेमाने नाही. मला वाटलं, हे तुम्हाला दाखवायला हवं होतं. खुर्चीला बांधून दाखवायला हवं होतं.

आज डोंबिवलीत एका लग्नाला गेलेले. तिथे आपल्या जुन्या गल्लीतले एक काका भेटले. हातात ताट धरून रांगेत उभे होते आणि मला बघून त्यांना भरूनच आलं. म्हणाले, "तुझे बाबा म्हणजे राजा माणूस गं. आता काय, घरात चार माणसं आणि चार मोबाईल. तेव्हा तुझे बाबा दुपारी पिक्चर लावायचे आणि अख्खी गल्ली तो एकच पिक्चर बघायची. ती मजा गेली." मी मान डोलावली, जिलबी वाढून घेतली, पुढे सरकले. घरी आल्यावर मात्र त्या मान डोलावण्याचा मला इतका राग आला की साडी न बदलता हे लिहायला बसले. अख्खी गल्ली एकच पिक्चर बघायची, कारण दुसरा बघायची सोयच नव्हती. याला मजा म्हणत नाहीत. तुरुंगातही सगळे एकच आमटी पितात.

तुमच्या बाजूने सांगण्यासारखं जे आहे ते आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या मनात काही राहायला नको. मोहने गावातल्या कारखान्यातलं काम सुटलं तेव्हा तुम्ही हातपाय गाळून बसला नाहीत. डोंबिवलीत येऊन कोणाच्या तरी हाताखाली वायरी ओढायचं काम शिकलात, आणि एक दिवस आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर स्वतःची डिश उभी केलीत. कठड्यावरून पलीकडच्या बिल्डिंगवर तुम्ही वायरीचं भेंडोळं फेकायचात ते मला अजून दिसतं. वायरीचं टोक दाताने सोलायचात. आई ओरडायची, तुम्ही हसायचात. आयुष्यभर कोणीतरी साहेब आला की उठून उभं राहिलेला माणूस बघता बघता गल्लीचा केबलवाला झाला, आणि मग शेठ झाला. गणपतीत मंडळवाले तुम्हाला स्टेजवर बोलवून शाल-नारळ द्यायचे. गल्लीतल्या पोराटोरांचे वाढदिवस तुमच्या चॅनेलवर खालच्या पट्टीत सरकत जायचे आणि त्यांचे आईबाप टीव्हीसमोर फोटो काढायचे. तुम्हाला काय वाटत असेल ते मला कळतं. पण ज्याला वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी दाबलं त्याने हातात जरा सत्ता आल्याबरोबर घरातलंच माणूस दाबायला घ्यावं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आता माझे केस पांढरे व्हायला लागलेत तरी पटत नाही.

तुमची ती सगळी यंत्रं तुम्ही ठेवलीत कुठे, तर आईच्या स्वयंपाकघरात. फ्रिजची जागा होती तिथे लोखंडी कोनाच्या पट्ट्यांची मांडणी आली आणि फ्रिज गेला पॅसेजमध्ये. त्या मांडणीवर एकावर एक डबे. प्रत्येक चॅनेलचा एक डबा. तो डबा चालू असला की ते चॅनेल गल्लीत सगळीकडे दिसायचं, बंद केला की सगळीकडे बंद. दिवसभर ते घूं घूं करायचे आणि भट्टीसारखे तापायचे, म्हणून त्यांना दोन टेबलफॅन लावलेले. आई त्याच खोलीत गॅससमोर पोळ्या लाटायची. तिला पंखा नव्हता. एकदा मे महिन्यात तिने एक पंखा जरा स्वतःकडे वळवला, तर तुम्ही पाठीमागून येऊन तो परत वळवलात आणि म्हणालात, "ते तापले तर जातील." आईने पदराने मान पुसली. मिरचीच्या फोडणीवरही बंदी होती, डब्यांना धूर लागतो म्हणून. आपल्या घरात किती तरी वर्षं ठेचा झाला नाही, तो या कारणाने. आई आता माझ्या ओट्यापाशी स्टुलावर बसून ठेचा करते. ठसका लागून आम्ही दोघी खोकतो, शेजारचे दार लावून घेतात, आणि हॉलमधला टीव्ही मजेत चालू असतो. त्याला काही होत नाही.

मग तुमच्या सीड्या आल्या. गोदरेजचं कपाट सीड्यांनी भरलं आणि त्याची किल्ली तुमच्या करगोट्याला आली. तेव्हा पिक्चर दोन सीड्यांत असायचा. पहिली संपली की उठून दुसरी घालायची. दुसरीवर हमखास ओरखडे असायचे. चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे, नायिकेचा चेहरा फाटायचा, मग तुम्ही ती सीडी बाहेर काढून बनियनला पुसायचात, परत घालायचात, आणि परत तेच झालं की म्हणायचात, "जाऊ दे, पुढे काही नाही त्यात." पुढे काय आहे हेही तुम्हीच ठरवायचात. एखाद्या पिक्चरमध्ये बाई नवऱ्याला उलटून बोलायला लागली तर सीडीवर ओरखडा नसतानाही तुम्हाला कंटाळा यायचा आणि तुम्ही दुसरी सीडी काढायला उठायचाच नाहीत. आईने कित्येक पिक्चरचे पहिलेच भाग पाहिलेत. लोक म्हणतात, विकत घेतलेली डिस्क कायम आपली असते. कोणाची आपली? ज्याच्याकडे कपाटाची किल्ली त्याची. आता ॲपवरून एखादा पिक्चर अचानक नाहीसा होतो, नाही असं नाही. आई त्या ॲपवाल्यांना दोन शिव्या घालते आणि दुसरा काहीतरी लावते. पण तुला नेमका तोच कशाला बघायचाय असं तिला कोणी विचारत नाही.

आता त्या मालिकेबद्दल. तुम्ही विसरलाही असाल. मी विसरलेले नाही.

रात्री आठला लागायची. एका बाईची गोष्ट होती. मोठ्या घरातली सून, नवरा मुखदुर्बळ, घरात थोरल्या दिराचं राज्य. ती बाई शिकलेली, पण तिला घराबाहेर पाऊल टाकायची मुभा नाही. एवढंच कथानक, पण आई त्याच्यात अशी गुंतलेली की सात वाजल्यापासून तिची लगबग सुरू व्हायची. भाजी आधीच टाकलेली, कणीक मळून ठेवलेली, माझा अभ्यास आटपलेला. आठ वाजता ती पाटावर बसायची, खुर्चीत नाही, कारण खुर्ची तुमची. त्या अर्ध्या तासात तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते इतर वेळी मी कधी बघितलं नाही. जाहिराती लागल्या की ती धावत जाऊन एक पोळी टाकायची आणि परत यायची. मला तेव्हा हे सगळं गमतीचं वाटायचं. आता मी जेव्हा म्हणते की या नव्या तऱ्हेपुढे तुमची केबल काहीच नाही, तेव्हा मला तीच दिसते, जाहिरातीच्या दोन मिनिटांत पोळी भाजून पळत येणारी. स्वतःच्या घरात एक गोष्ट बघायची तर बाईला पळावं लागत होतं.

त्या दिवशी तुमच्याकडे पाहुणे होते. शेजारच्या भागातला कोणी केबलवाला, तुमच्यासारखाच. तुम्ही दोघं आतल्या खोलीतून बाहेर आलात, आठ वाजून काही मिनिटं झालेली, आणि तुम्ही म्हणालात, "चल, ताटं घे."

आई म्हणाली, "पाच मिनिटं थांबा ना. जाहिरात लागली की वाढते."

एवढंच म्हणाली. आवाजही नेहमीचाच होता, नजर टीव्हीवर होती. तो पाहुणा हसला. म्हणाला, "काय शेठ, घरात चॅनेल दुसऱ्याच्या हातात वाटतं." तुम्हीही हसलात. मग तुम्ही स्वयंपाकघरात गेलात आणि आमच्यासमोरचं चित्र गेलं. नुसते करडे ठिपके आणि खरखर. तुम्ही परत आलात, खुर्चीत बसलात, म्हणालात, "संपली जाहिरात. वाढ." आईने उठून ताटं घेतली. तिने तुमच्याकडे बघितलं नाही, मी बघितलं. तुमच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मी तेव्हा आठवीत होते, आणि माणसाची किळस येणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तुम्ही फक्त आमचा टीव्ही बंद केला नव्हता. तुम्ही त्या चॅनेलचा डबाच बंद केलात, म्हणजे सगळ्या गल्लीचं चॅनेल गेलं. पाच-दहा मिनिटांत फोन सुरू झाले. प्रत्येकाला तुम्ही सांगितलंत, "वरूनच गेलंय. आपल्या हातात नाही." वर बोट दाखवायचात, फोनवर बोलतानासुद्धा. दुसऱ्या दिवशीही तो डबा बंदच, तिसऱ्या दिवशीही बंद. मालिका शेवटाला आलेली, त्यामुळे बायका हैराण झाल्या. खालच्या मजल्यावरच्या काकू दोघीतिघींना घेऊन आपल्या दारात आल्या. "भाऊ, बाकी सगळं दिसतं मग हेच कसं दिसत नाही? काही तरी करा हो." तुम्ही बनियनवर दारात उभे. "वहिनी, सॅटेलाइटला आपण काय करणार? माझी बायकोच बघते की ती मालिका. मला चालू करायची नसेल का?" आणि मागे वळून आईला म्हणालात, "सांग गं यांना." आई चहाचा ट्रे घेऊन आलेली. तिच्या पाठीमागे त्या मांडणीवर सगळे लाल दिवे लागलेले आणि मध्ये एकच विझलेला. तिने त्या बायकांकडे बघितलं आणि म्हणाली, "हो, वरूनच गेलंय." माझ्या आईला तुम्ही तिच्याच मैत्रिणींशी खोटं बोलायला लावलंत. पाच मिनिटं थांबा म्हणाली म्हणून.

शेवटचा भाग नवरात्रात होता. आई सकाळीच म्हणाली, टेंभी नाक्याच्या देवीला जाऊन येते, हिलाही नेते. देवीला तुम्ही नाही म्हणू शकत नव्हतात. आम्ही संध्याकाळी ठाण्याला आलो. देवीची रांग चिंतामणी चौकापर्यंत गेलेली. आईने लांबूनच हात जोडले, म्हणाली, "आई, तुला माहीत आहे," आणि मला ओढत मागच्या गल्लीत मावशीकडे नेलं. मावशीचा केबलवाला वेगळा होता. मावशीने आम्हाला पोहे दिले, आई ते हातात घेऊन बसली आणि आठ वाजले.

मला तो प्रसंग अजून पाठ आहे. त्या बाईने बॅग भरलीय. ती जिना उतरते, दिवाणखान्यात सगळे उभे आहेत, दीर ओरडतोय, नवरा पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारतो. ती दारात थांबते. बॅग तिच्या हातात. पाठमोरी. आणि जाहिरात लागते, आणि मावशीचा फोन वाजतो.

तुम्हाला कसं कळलं ते मी कधी विचारलं नाही. कळायला काय, शेवटचा भाग त्या रात्री होता आणि घरचा डबा तुम्हीच बंद ठेवला होतात. मावशीने फोन घेतला आणि आईकडे दिला. आई म्हणाली, "अहो, दर्शन झालं, निघतेच आहे, जरा दहा मिनिटं..." मग ती ऐकत राहिली. फोन खाली ठेवल्यावर तिने पोह्यांची बशी टेबलावर सरकवली आणि मला म्हणाली, "चप्पल घाल."

मावशी म्हणाली, "अगं, एवढासाच राहिलाय, बघून जा. काय म्हणाले ते?"

"म्हणाले, जिथे टीव्ही बघतेस तिथेच राहा मग."

"म्हणू दे. असे बोलतात पुरुष."

"दार नाही उघडणार ते," आई म्हणाली. "मला माहितीये."

आम्ही जिना उतरत होतो तेव्हा वर जाहिराती संपल्याचं ऐकू आलं. मालिकेचं शीर्षकगीत वाजायला लागलेलं. आई पायरीवर अडखळली. मला वाटलं ती परत वर जाईल. ती गेली नाही. घरी आलो तर तुम्ही जेवून झोपलेले होतात. दार नुसतं लोटलेलं होतं, कडी नव्हती. हेही मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

त्यानंतर मालिकेचा विषय घरात निघाला नाही. तुम्ही डबा चालू केलात, गल्लीला सांगितलंत, "झालं वरून दुरुस्त." पण दिवाळी झाल्यावर एका सकाळी आई म्हणाली, "नौपाड्यात एका दवाखान्यात बाई हवीय, केसपेपर काढायला. मी जाणार आहे."

तुम्ही पेपरातून डोकं वर काढलंत. "घरात काय कमी आहे?"

"काही कमी नाही."

"मग?"

"मग काही नाही. जाणार आहे."

तुम्ही तिच्याशी बोलणं टाकलंत. मीठ हवं असलं तरी मला सांगायचात, तिला सांग म्हणून, ती समोर बसलेली असताना. ती जात राहिली. पहिल्या महिन्यात घाबरून जायची, दुसऱ्या महिन्यात नुसती जायची. दवाखान्यात सगळे तिला ताई म्हणायला लागले. संध्याकाळची परत यायची तेव्हा आठ वाजून गेलेले असायचे, तेव्हा तुमच्या चॅनेलांवर काय चाललंय याच्याशी तिला देणंघेणं उरलं नाही. तिथेच ती साठ वर्षांची होईपर्यंत राहिली. माझं पुढचं शिक्षण तिच्या त्या नोकरीमुळे झालं हे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही ते कधी तोंडाने बोलला नाहीत. मग सेट टॉप बॉक्स आले, सगळी चॅनेलं मोठ्या कंपनीच्या हातात गेली, तुमचे डबे एकेक करून बंद झाले. तुम्ही मांडणीसमोर स्टूल घेऊन बसायचात आणि म्हणायचात, "आता आपल्या हातात काही राहिलं नाही." मी तुम्हाला चहा आणून द्यायचे आणि मनातून खूश व्हायचे. मग तुम्ही गेलात. सगळी गल्ली रडली.

यंदा पावसाळ्यानंतर त्या चॅनेलने आपल्या जुन्या मालिका ॲपवर चढवल्या. मला सहज दिसली. आईला विचारलं, "बघायची का?" ती म्हणाली, "सगळी आहे? पहिल्यापासून?" मी म्हटलं, शेवटापर्यंत आहे. मग ती रोज बघायला लागली. फिजिओथेरपीवाली मुलगी यायची तेव्हा थांबवायची, पाय वर-खाली करून झाला की पुढे चालू. कधी एक भाग, कधी पाच. कंटाळवाणा प्रसंग आला की पुढे ढकलायची. ऐकू नाही आलं तर मागे नेऊन परत ऐकायची. स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या गतीने, भर दुपारी, खुर्चीत नाही तर चक्क सोफ्यावर आडवी होऊन. तुमच्या काळात याला लोकांनी माज म्हटलं असतं.

शेवटच्या भागाला तिने मला हाक मारून शेजारी बसवलं. तोच जिना, तीच बॅग. नवरा नावाने हाक मारतो, ती दारात थांबते, पाठमोरी. इथे आता जाहिरात नाही. ती वळते. बॅग खाली ठेवते. दिराच्या डोळ्यांत पाणी येतं, सासू तिला जवळ घेते, ती सगळ्यांच्या पाया पडते, आणि मागे देव्हाऱ्यातली समई दिसते. तिच्या हसऱ्या चेहऱ्यावर चित्र थांबतं आणि नावं यायला लागतात.

आई म्हणाली, "संपलं?"

"संपलं."

"पुढे काही नाही? बघ ना नीट."

मी बघितलं. पुढे काही नव्हतं.

"म्हणजे ही गेलीच नाही?" आई माझ्याकडे बघत होती. "अगं, मी तर धरूनच चाललेले की ही गेली. दारापर्यंत आलेली ना, बॅग घेऊन? मी इतकी वर्षं... मी दवाखान्यात पहिल्या दिवशी गेले तेव्हा दारातूनच परत फिरत होते. तेव्हा मी मनात म्हटलं, ती एवढ्या माणसांसमोर गेली, तुला काय धाड भरलीय." ती थांबली. मग म्हणाली, "मग मी कोणाच्या मागून गेले गं?"

आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, गुडघा दुखायला लागला तरी हसत होती. मला हसू येईना. मला आधी तुमचाच विचार आला. हे ऐकून तुम्ही छाती पुढे काढली असती. म्हणाला असता, "बघ, मी फोन केला म्हणून ती नोकरीला लागली." नाही, बाबा. याचं श्रेय तुम्हाला मिळणार नाही. तुम्ही चॅनेल बंद केलंत ते बाईने घरात राहावं म्हणून, आणि तो मालिका लिहिणारा, त्यालाही बाई घरातच ठेवायची होती. तुम्ही दोघं एकाच मताचे होतात, फक्त तुमची ओळख नव्हती. तुम्ही त्या दिवशी एवढासा धीर धरला असता, तिला तो भाग शेवटपर्यंत बघू दिला असता, तर कदाचित ती तुम्हाला हवी तशी घरी परत आली असती. तुमचा राग तुम्हालाच भोवला. आणि बाहेर पडली ती आई स्वतःच्या बळावर, जी बाई गेलीच नव्हती तिच्या मागून.

हसणं ओसरल्यावर तिने रिमोट हातात घेतला. बटण दाबून दाबून गोष्ट मागे नेली. समई गेली, सासू गेली, बॅग जमिनीवरून परत हातात आली. ती बाई दारात, पाठमोरी. तिथे आईने थांबवलं. जरा वेळ बघत बसली. मग म्हणाली, "बस. इथे संपली," आणि टीव्ही बंद करून झोपायला गेली. तुमच्या कुठल्या डब्यात, कुठल्या सीडीत हे होतं, सांगा मला. त्या लग्नातल्या काकांनाही सांगायला हवं होतं. मी जिलबी घेत बसले.

हे मी कोणाला दाखवणार नाही. आईला तर नाहीच, ती म्हणेल गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये. तुम्ही असता तरी तुम्हाला दिलं नसतं, तेवढं धैर्य माझ्यात कधी नव्हतं. आणखी एक आहे. काल दुपारी आई काहीतरी बघत होती, मी आत भांडी लावत होते, आणि इंटरनेट गेलं. हॉलमधून आवाज बंद झाला, आणि विचार करायच्या आत माझ्या तोंडून, लहानपणी केबल गेली की ओरडायचे तसं, मोठ्याने निघून गेलं, "बाबा, गेलं हो!"

हॉलमधून आई म्हणाली, "येतील. थांब जरा."